गाठ नंतर, झोल आधी

पोरी, परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, बाळाला अंगाशी बांधायचं ते विणलेलं लांब कापड मागवू का? साडेचार मीटरचं येतं." तेव्हा गॅसवर दूध होतं, म्हणून नुसतं हो म्हटलं. आता निवांत लिहिते.

घे, खुशाल घे. पण आपल्या पवन मावळात हे कापड कुणी कधी मागवलं नाही, ते घरातच असायचं. नऊवारी सुती लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर. जुनं झालं की मधोमध फाडायचं, अर्धं अंगाशी बांधायला आणि अर्धं आढ्याला झोळी टांगायला. लावणीला येणाऱ्या कातकरी आणि ठाकर बायकांच्या पाठीशी लेकरू असंच बांधलेलं मी लहानपणापासून पाहिलं. डोंगर उतरताना ते डुलत झोपलेलं असायचं, आणि आईचे दोन्ही हात मोकळे. मी तिन्ही पोरं तशीच वाढवली, आणि चुकायचं तेवढं सगळं चुकून झालंय. त्यामुळे तुला नव्यानं चुकायची गरज नाही.

आधी कापडाचं.

१. सुती घे, घट्ट विणीचं — उभंआडवं ओढलं तर ताणलं जाऊ नये, तिरकं ओढलं तर थोडं द्यावं. त्या तिरक्या देण्यातच बाळाच्या पाठीची गोलाई नीट बसते.

२. नायलॉन, जॉर्जेट, सिल्क कपाटातच राहू दे — गाठ घसरते, घाम जिरत नाही, आणि जरीचा काठ बाळाचा गाल खरवडतो.

३. जुनी साडी किंवा लुगडं वापरणार असशील तर खिडकीशी धरून हात-हात कापड उजेडात बघ — जिथून उजेड जास्त येतो तिथं सूत विरलंय, आणि विरलेलं सूत फाटण्याआधी आवाज देत नाही.

४. साडीचा पन्हा जास्त असतो, म्हणून उभी घडी घालून तो पाऊण मीटरच्या आसपास आण — नाहीतर उरलेलं कापड बाळाच्या नाकातोंडाशी गोळा होतं.

५. कापडाच्या बरोबर मध्यावर, वरच्या काठाला लाल दोऱ्याचे दोन टाके घाल — पावसाळ्यात आपल्याकडे लाईट गेली की डोळ्यांपेक्षा बोटांनाच मध्य सापडतो.

६. नवं कापड दोन-तीनदा धुऊन मगच वापर — खळ निघाली की ते मऊ पडतं आणि गाठ धरतं.

आता बांधायचं. पहिल्या दिवशी बाळ नको. पाच किलो इंद्रायणी तांदळाची पिशवी घे आणि पलंगाशेजारी उभी राहा. पिशवी पडली तर पलंगावर पडेल, आणि पडेलच एकदा.

मधला टाका छातीवर धर. दोन्ही टोकं काखेखालून मागं ने, पाठीवर फुली कर आणि खांद्यांवरून पुढं सोड. छातीवर आता एक खिसा तयार होतो. त्यात बाळाला वरून अलगद सोडायचं, दोन पाय दोन बाजूंना, पोट तुझ्या पोटाशी. खिशाचा खालचा काठ बाळाच्या आणि तुझ्या मधे खोच, म्हणजे कापड एका गुडघ्याच्या लवणीपासून दुसऱ्या लवणीपर्यंत पसरेल. वरचा काठ मानेपर्यंत. एक हात सारखा बाळाच्या पाठीवर, तो गाठ पडेपर्यंत काढायचा नाही.

मग झोल काढायचा. इथंच सगळ्या जणी घाई करतात. टोक धरून एकदम हिसका दिला की गाठीशी कापड ताठ होतं आणि बाळाच्या पाठीशी ढिलंच राहतं. वरचा काठ चिमटीत धर, बोटभर ओढ. मग त्याच्या शेजारचं बोटभर. असं खालच्या काठापर्यंत ये, मग दुसरी बाजू. शेवटी दोन्ही टोकं बाळाच्या बुडाखाली फुली करून त्याच्या पायांखालून मागं ने आणि कमरेमागं निरगाठ मार, वर आणखी एक. सुरगाठ नको, ती परकराच्या नाडीला. आमच्या आईचं म्हणणं होतं ते मी तुला माझ्या शब्दांत देते: गाठ नंतर, झोल आधी.

७. बांधून झालं की बाळाच्या पाठीला हात धरून किंचित पुढं वाक — बाळ तुझ्या अंगापासून सुटलं तर कापड ढिलं आहे, सोडून पुन्हा बांध.

८. मान खाली केलीस की बाळाच्या टाळूचा पापा घेता आला पाहिजे, इतकं ते वर हवं — उंच बाळ हलकं, उतरलेलं बाळ ओझं. तेच वजन कमरेशी आलं की पाठ दुपारपर्यंतच साथ देते.

९. हनुवटी छातीला टेकलेली नको, मधे तुझं एक बोट जाईल एवढी जागा हवी — तान्ह्याची श्वासनळी मऊ असते, मान मुडपली की ती दबते, आणि अशा वेळी ते रडतही नाही.

१०. तोंडावर पदर ओढू नकोस, वाऱ्यासाठी नको आणि दृष्टीसाठीही नको — दिसतं ते बाळ, झाकलं ते गाठोडं. दृष्टीची फारच काळजी वाटली तर तळपायाला तीट लाव.

११. पाय बेडकासारखे दुमडलेले हवेत, गुडघे बुडापेक्षा थोडे वर — पहिल्या काही महिन्यांत खुब्याची वाटी अजून घडत असते. याच कारणासाठी बाळंतविड्याच्या दुपट्यात पाय सरळ ताणून बांधायची आपली जुनी पद्धत मी सोडून दिली. जपानात १९७५ पासून आयांना हेच समजावायला लागले, आणि तिथं खुबा निखळलेली बाळं फार कमी झाली.

१२. तोंड बाहेर करून या कापडात बांधू नकोस, त्याला कितीही जग बघायचं असलं तरी — पाय लोंबतात, आणि डुलकी लागली तर मान टेकायला काही नसतं. जग बघायचं वय झालं की कडेवर बांध.

१३. मान पक्की धरेपर्यंत पाठीवर बांधायचं नाही — पाठीवरच्या बाळाचा श्वास तुला दिसत नाही.

१४. तुझे टाके अजून ताजे आहेत. डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत थांब, आणि नंतरही कमरेचा वेढा टाक्यांच्या वरून घे — आईला दुखत असलं की हात आखडतात, आणि आखडलेल्या हातांनी बांधणं चुकतं.

१५. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशीत मांडीतही टोचतात. त्या दिवशी कापड मांडीवर दाबून नेऊ नकोस — सुजलेल्या मांडीवर काठ रुतला की बाळ या कापडावरच रुसतं.

१६. बाळ वेळेआधीचं, कमी वजनाचं किंवा सर्दीनं नाक चोंदलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचार. अंगाशी धरणं त्यांनाच जास्त लागतं, फक्त पद्धत वेगळी — १९७८ साली कोलंबियात बोगोटाच्या दवाखान्यात काचेच्या पेट्या कमी पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी अशी बाळं आयांच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. आता आपल्याकडेही कांगारू केअर म्हणून तेच शिकवतात.

"सवय लागेल हो, मग खाली राहणार नाही," असं तुझ्या सोसायटीतल्या कुणी ना कुणी म्हणेलच. त्यांच्याशी वाद घालू नकोस, चहा दे. पण मनात धरू नकोस. माझ्या थोरल्यानं मला वाचून दाखवलं होतं: मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी १९८६ साली छापलं की ज्या आयांना रोज निदान तीन तास बाळ उचलून घ्यायला सांगितलं, त्यांची बाळं दीड महिन्याची असताना इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. तिन्ही पोरांच्या वेळी मी ते टक्क्यांशिवाय पाहिलंय.

१७. अंगावर पाजायचं असेल तर गाठ सैल करून बाळ खाली घे, आणि पिऊन झालं की पुन्हा वर घेऊन कस — पिता पिता झोपलेलं बाळ तसंच खाली राहिलं की नाक दबतं. हे आळसानं राहून जातं, म्हणून वेगळं सांगितलं.

१८. बाळ बांधलेलं असताना चुलीशी, गॅसशी जायचं नाही, गरम चहाही हातात नको — भाकरीची वाफ तुझ्या हाताला सोसते, त्याच्या तळव्याला नाही. चिक्कीचा पाक करायची हौस आली तर बाळ आजीकडे दे. उकळता गूळ अंगाला चिकटून बसतो.

१९. कापडाचा एक थर म्हणजे अंगात एक कपडा, हे मोजून मग झबलं घाल — वैशाखात नुसतं झबलं पुरतं. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नकोस, मानेमागं बोट घालून बघ. घाम असेल तर काहीतरी उतरव.

२०. लोणावळ्याच्या धुक्यात आणि थंडीत बाळाला आतून जाड कपडे घालण्यापेक्षा शाल दोघांच्या वरून घे — आतलं जाड स्वेटर कापड नीट बसू देत नाही. आमच्या वेळी घोंगडीची खोळ असायची, तोंड तेवढं उघडं.

२१. पावसाळ्यात दोन कापडं ठेव — आपल्याकडे आषाढात रुमालसुद्धा दोन दिवस वाळत नाही. आई शेगडीतल्या निखाऱ्यांवर बांबूची टोपली उपडी घालून बाळोती शेकायची; तू इस्त्री फिरव. दमट कापड बांधू नकोस, बाळाला गारठा लागतो आणि भिजलेली गाठ सुटता सुटत नाही.

२२. लावणीला आलीस तर वाकून करायच्या कामात बाळ अंगावर नको. बांधावरच्या झाडाला झोळी टांग, आणि झोळीपाशी कुणीतरी मोठं माणूस बसव — कंबर वाकली की पाठीवरचं बाळ डोक्याकडे सरकतं.

वाकण्यावरून आठवलं. धाकटा सव्वा वर्षाचा असताना चैत्रात एकवीरेला गेले होते. वेहेरगावच्या पायऱ्यांवर गर्दी, पाठीवर तो, आणि माझी चप्पल निसटली. मी कमरेतून वाकले. कापडाचा वरचा काठ त्याच्या काखेखाली आला होता, खांद्यापर्यंत नव्हता. तो मागं कलला आणि अर्धा बाहेर आला. मागून येणाऱ्या एका कोळणीनं हातातलं ताट सोडून दोन्ही हातांनी त्याला धरलं. हळद-कुंकू पायऱ्यांवर सांडलं. ती एवढंच म्हणाली, "बाय, गुडघ्यात वाक." पुढच्या पायरीवर बसून मी पुन्हा बांधलं, हात थरथरत होते. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

२३. म्हणून: गुडघ्यात वाक, कमरेत नाही — आणि चालत्या वयाच्या पोराला बांधताना वरचा काठ त्याच्या खांद्यापर्यंत आण. ती पोरं मजा म्हणून मागं झोकून देतात.

२४. पाठीवर घेतलंस की दर थोड्या वेळानं मोबाइलचा कॅमेरा खांद्यावरून मागं धरून त्याचं तोंड बघ — फोटो किती काढतेस, त्यातला एक याच्यासाठी.

२५. खांद्यावर कापड दोरीसारखं गोळा होऊ देऊ नकोस, दंडापर्यंत पसर — रुतलेला खांदा तुला चिडचिडं करतो, आणि तुझी चिडचिड आधी त्याला कळते.

२६. लोहगडाला जाणार असाल तर पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळा. पायऱ्यांवरून पाणी वाहतं, शेवाळ असतं. खाचांचे बूट आणि हातात काठी हवी — पडताना आपण हात पुढं टाकतो, पण पुढं बाळ असतं.

२७. बाळ बांधून वाहत्या पाण्यात पाऊलसुद्धा टाकायचं नाही, घोट्याएवढं दिसलं तरी — ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच घरातले पाच जण वाहून गेले, त्यात पोरं होती. वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी क्षणात वाढतं. धबधबा लांबूनही छान दिसतो गं.

२८. कार्ल्याला, लोहगडावर माकडं असतात. कापडात बिस्किटाचा पुडा खोचू नकोस, पोराच्या हातातही खाऊ नको — माकड पुडा ओढतं, पुड्याबरोबर कापड येतं.

२९. दुचाकीवर कापडात बांधून न्यायचं नाही, तळेगाव ते कामशेत असलं तरी नाही — कापड म्हणजे पट्टा नव्हे. २०२२ साली केंद्र सरकारनं नियम केला, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला वेगळा सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. झाशीच्या राणीचं चित्र दाखवून जावईबापू वाद घालतील, तर सांग, तिच्यामागं इंग्रज होते, तुमच्यामागं कोण लागलंय?

३०. मोटारीत बसताना कापड सोडून बाळ त्याच्या खुर्चीत बांधायचं, रडलं तरी — ब्रेक लागला की तुझंच वजन त्याच्यावर येतं.

३१. लोकलनं ये, ते सगळ्यात बरं. कापड घरूनच बांध, बाळ पुढं ठेव आणि डब्यात चढताना एक हात दांड्याला — फलाटावर उभ्यानं घाईत बांधलेली गाठ वाटेत सुटते.

३२. जावईबापूंनाही शिकव, आणि त्यांनी बांधल्यावर लगेच दुरुस्त करू नकोस. सात, आठ, नऊ एवढे तीन मुद्दे बघ आणि गप्प बस — बापाच्या छातीशी बाळ लवकर झोपतं, आणि तेवढ्यात तुझं जेवण गरम असताना होतं.

३३. तुला चक्कर आली, पाठ धरली, किंवा बाळ नेहमीपेक्षा वेगळं, मलूल वाटलं, तर आधी सोड आणि मग विचार कर — कापडानं तेवढंच करायचं जे तुझ्या हातांनी केलं असतं, आणि थकलेल्या हातांनी तू बाळ खालीच ठेवलं असतंस.

तुझं ते ऑनलाइनचं येईपर्यंत माझ्याकडचं अर्धं लुगडं पाठवते, उद्या कामशेतहून तळेगावला येणाऱ्या कुणाबरोबर तरी. हिरवं आहे, आता जवळजवळ पांढरं झालंय. मध्यावरचे लाल टाके आईच्या हातचे आहेत, ते उसवू नकोस. एका टोकाला रफू दिसेल, ते टोक नेहमी गाठीच्या बाहेर राहू दे, वजनाखाली घेऊ नकोस. आणि धुताना ब्रश लावू नको, नुसतं साबणाच्या पाण्यात बुचकळ.