कागद गेले की शिक्षणच वस्तादाकडे?

जर्मनीत आलेल्या निर्वासित सुताराला व्यवसाय मार्गदर्शकाने ‘आधी दाखला आणा’ म्हटले की बोलणे तिथेच खुंटते. मार्गदर्शकांना शिकवताना आम्ही दोन माणसे वेगळी करू. रीतसर शिकला, पण कागद मागे राहिले (युद्धातून पळणारा कपाट थोडेच आणतो!), त्याला २०१२ च्या मान्यता कायद्याने तज्ज्ञांसमोर काम करून दाखवता येते. वस्तादाच्या हाताखाली शिकलेल्याला ही वाट नाही. आपले पुष्कळ कारागीर असेच. २०२५ पासून मात्र वयाची २५ वर्षे पूर्ण आणि शिक्षणकाळाच्या दीडपट अनुभव असेल, तर इतर अटींवर त्याचेही कसब तपासले जाते. सुतारकामाचे शिक्षण ३ वर्षांचे. म्हणजे अनुभव साडेचार वर्षांचा. म्हणून कोणाकडे, किती वर्षे, कोणत्या यंत्रावर काम केले, हे मार्गदर्शकाने पहिल्याच भेटीत लिहून घ्यावे.