आधी मोजावे, मग बदलावे : सुरू न होणाऱ्या मोटारसायकलच्या विद्युतदोषाविषयी

मोटारसायकल सुरू न होण्यामागे इंधन, हवा, इंजिनातील दाब किंवा वीज यांपैकी कशात तरी बिघाड असतो. पहिल्या तिन्हींचा माग डोळ्यांना, नाकाला किंवा किकवर ठेवलेल्या पायाला थोडाफार लागतो, परंतु वीज दिसत नाही आणि म्हणून मोजमाप न करता केलेले तिचे निदान हा केवळ अंदाज असतो. या अंदाजाला दुरुस्तीच्या व्यवसायात एक ठरलेली रीत लाभली आहे : ज्या भागाचा संशय येईल तो बदलून पाहायचा, दोष राहिला तर त्यापुढचा भाग बदलायचा, आणि गाडी कधी तरी सुरू झाली की शेवटी बदललेला भागच दोषी होता असे जाहीर करायचे. ‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी सुट्या भागांच्या पुष्कळ दुकानांत दिसते. परिणामी चुकीच्या अंदाजाने आणलेला भाग दुकानात परत जात नाही, मेकॅनिकच्या कपाटातही राहत नाही, तो गाडीत आणि बिलात कायम होतो.

प्रस्तुत विवेचनाचा आधार पुण्यातील एका दीडशे सीसी वर्गातील, कार्ब्युरेटर असलेल्या मोटारसायकलचा अनुभव हा आहे, आणि तिचा मालक म्हणजे प्रस्तुत लेखकच असल्यामुळे विवेचनात कोठे कडवटपणा उतरला असेल तर तो अकारण नाही. या गाडीची प्रज्वलनव्यवस्था, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारी यंत्रणा, डीसी-सीडीआय प्रकारची आहे. सीडीआय हे एक छोटे बंद युनिट असून ते कपॅसिटरमध्ये वीज साठवते आणि योग्य क्षणी इग्निशन कॉइलमध्ये सोडते. एसी प्रकारात ही वीज इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलमधून थेट मिळते, म्हणून बॅटरी पूर्ण उतरली तरी गाडी किकवर सुरू होऊ शकते, तर डीसी प्रकारात ती बॅटरीकडून, चावीच्या लॉकमार्गे मिळते, म्हणून त्या मार्गात खंड पडला की सेल्फही चालत नाही आणि किकही निरुपयोगी ठरते. ‘सेल्फ आणि किक दोन्ही जातात म्हणजे दोन दोष आहेत’ हे, गाडी दाखवली त्या वर्कशॉपमध्ये ठामपणे केले गेलेले विधान या एका भेदाच्या अज्ञानातून आलेले होते.

लक्षणे अशी होती : सकाळी चावी फिरवल्यावर न्यूट्रलचा हिरवा दिवा मंद लागे किंवा लुकलुके, सेल्फ दाबल्यावर रिलेचा टकटक आवाज येई, गाडी पार्किंगमधून बाहेर काढून पुन्हा प्रयत्न केला की पुष्कळदा काहीच घडले नसल्याप्रमाणे ती सुरू होई, आणि डावीकडे पूर्ण हँडल वळवून यू-टर्न घेताना ती क्वचित एकदम बंद पडे. हँडल डावीकडे वळले की दिवा जातो, हे मालकाने वर्कशॉपमध्ये पहिल्याच भेटीत सांगितले होते व जॉबकार्डावर लिहून घेण्याची विनंतीही केली होती. त्यावर ‘साहेब, हँडलचा आणि करंटचा काय संबंध? यूट्यूब जरा कमी बघत जा’ असे उत्तर मिळाले, आणि कार्डावर ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ एवढीच नोंद झाली. पुढे जे जे घडले त्याचे मूळ या न लिहिलेल्या ओळीत आहे.

रिले हा विजेवर चालणारा स्विच होय. सेल्फच्या बटनातून आलेल्या अल्प प्रवाहाने तो ओढला जातो आणि बॅटरीचा मोठा प्रवाह स्टार्टर मोटरकडे सोडतो. तो टकटक करतो याचा अर्थ त्याला ओढून धरण्याइतका व्होल्टेज मिळत नाही एवढाच असतो. कमकुवत बॅटरी हे त्याचे नेहमीचे कारण असले तरी एकमेव कारण नव्हे. तरीही बॅटरी न मोजता बदलली गेली. त्यानंतर रिले बदलला गेला, त्यानंतर सीडीआय, आणि अखेरीस ‘आता पूर्ण वायरिंगच टाकावी लागेल’ असा निर्णय ऐकवण्यात आला. प्रत्येक भाग बदलल्यावर वर्कशॉपमध्ये गाडी एका दाबात सुरू होत असे. आणि ती का होत असे, याचा विचार करण्याची गरज तेथे कोणासही वाटली नाही.

उलगडा झाला तो मल्टिमीटरमुळे. मल्टिमीटर म्हणजे व्होल्टेज, रोध आणि तारेची सलगता मोजणारे हातात मावणारे उपकरण. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत ते काही शे रुपयांत मिळते. पार्किंगमध्येच, हँडल रात्री लॉक केलेल्या स्थितीत डावीकडे असताना, बॅटरीच्या टोकांवर 12.6 व्होल्ट दिसले. लॉककडे येणाऱ्या तारेवरही जवळजवळ तितकेच दिसले. परंतु हँडल न हलवता चावी चालू करून, मागचा ब्रेक दाबून ब्रेकलाइट लावताच त्याच तारेवरचा आकडा 5 च्या खाली कोसळला आणि हँडल सरळ करताच पूर्ववत झाला. हँडलच्या मानेपाशी, जेथे वायरिंगचा जुडगा प्रत्येक वळणावर वाकतो, तेथील टेप सोडल्यावर बॅटरीकडून लॉककडे जाणारी तार बाहेरून अखंड आणि आतून तुटलेली आढळली. तांब्याचे एकदोन धागेच काय ते शिल्लक होते. वर्कशॉपमध्ये गाडी नेहमी ढकलत, म्हणजे हँडल सरळ ठेवून, आत घेतली जाई आणि मधल्या स्टँडवर सरळच उभी केली जाई, म्हणून ती तेथे प्रत्येक वेळी सुरू होई. नव्या बॅटरीला, नव्या रिलेला आणि नव्या सीडीआयला जे श्रेय देण्यात आले ते वस्तुतः सरळ हँडलचे होते.

तारेचा तुकडा जोडून, सोल्डर करून, वर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे उष्णतेने आवळून बसणारी नळी, चढवून आणि मानेपाशी तारेला थोडी ढील ठेवून झालेल्या दुरुस्तीचा खर्च एका स्पार्क प्लगच्या किमतीइतकाही आला नाही. ही बाब वर्कशॉपला दाखवून दिल्यावर मिळालेले उत्तर असे होते की बॅटरी ‘तशीही गेलेलीच’ होती. परंतु जुनी बॅटरी मोडीत जमा करून घेतलेली असल्यामुळे हे विधान तपासण्याचा मार्ग उरला नव्हता, आणि त्या मोडीची रक्कमही बिलातून वजा केलेली नव्हती. दिलगिरीचा एक शब्दही आला नाही, ही नोंद येथे करणे अप्रस्तुत ठरू नये.

या अनुभवातून निघणारा तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येतो. गाडी काही तास बंद ठेवल्यावर पूर्ण भारित लेड-ॲसिड बॅटरीच्या टोकांवर साधारण 12.6 ते 12.8 व्होल्ट मिळतात, आणि 12 च्या आसपासचा आकडा ती उतरल्याचे दर्शवतो. याच टोकांवर मीटर धरून सेल्फ दाबल्यावर आकडा साडेनऊच्या बराच खाली जात असेल तर बॅटरी किंवा तिच्या टोकांचे जोड संशयास्पद समजावेत. तो फारसा न हलता नुसती टकटक होत असेल तर बॅटरीला हात लावू नये, दोष पुढे आहे. इंजिन सुरू असताना, वेग थोडा वाढवून, बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळाले पाहिजेत. ते वाढत नसल्यास चार्जिंग होत नाही आणि 15 च्या वर जात असल्यास आरआर युनिट, म्हणजे मॅग्नेटकडून येणारी वीज एकदिश व मर्यादित करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर, बिघडले असण्याचा संभव असतो. या मोजणीशिवाय टाकलेली नवी बॅटरी जुन्या दोषाने लवकरच मरू शकते.

त्यानंतर फ्यूज पाहावा, आणि तो केवळ डोळ्यांनी न पाहता दोन्ही बाजूंना व्होल्टेज आहे का ते मोजावे, कारण फ्यूज शाबूत असूनही त्याचा होल्डर तापून सैल झालेला असू शकतो. जळलेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पट्टी घालण्याची पद्धत वायरिंग पेटवू शकते. किल स्विच, क्लच स्विच आणि साइड स्टँडचा स्विच हे लहान भाग गाडीच्या सुरक्षेसाठी सेल्फ किंवा ठिणगी अडवतात, आणि त्यांच्यात चिखल गेल्यास निर्दोष गाडीही मुकी होते.

सर्वांत महत्त्वाची, आणि वर्कशॉपमध्ये क्वचितच दिसणारी, गोष्ट म्हणजे भाराखालची तपासणी. एका धाग्यावर लोंबकळणारी तार, तिच्यातून प्रवाह जात नसेल तोवर, मीटरवर पूर्ण 12 व्होल्ट दाखवते. म्हणून ब्रेकलाइट किंवा हॉर्न चालू ठेवून मोजावे, अथवा इंडिकेटरच्या बल्बला दोन तारा जोडून केलेला टेस्ट लॅम्प वापरावा. बॅटरीच्या ऋण टोकावर मीटरची एक पिन आणि इंजिनाच्या उघड्या धातूवर दुसरी ठेवून सेल्फ दाबल्यावर अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसत असेल तर अर्थिंगचा जोड गंजलेला असतो. ही मोजणी चालू असताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवावे आणि वायरिंग हाताने हलवून पाहावे. जो दोष येतो-जातो तो प्रायः हलणाऱ्या, तापणाऱ्या किंवा भिजणाऱ्या जागी असतो.

ठिणगीची तपासणी करताना प्लग काढून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून सेल्फ मारावा, मात्र पेट्रोलची वाफ जवळ नसावी आणि प्लगची टोपी उघड्या हाताने धरू नये. सीडीआय मात्र साध्या मीटरने तपासता येत नाही. त्याच्याकडे येणारी वीज, अर्थ आणि पल्सर कॉइलचा, म्हणजे ठिणगीचा क्षण कळवणाऱ्या कॉइलचा, संकेत हे तिन्ही ठीक असूनही ठिणगी नसेल, आणि इग्निशन कॉइलही निर्दोष असेल, तरच त्याच्यावर आरोप ठेवावा. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 निकषांनंतरच्या बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन असून चावी लावताच काही क्षण पेट्रोल पंपाचा घुंघुं आवाज येतो; तो न येणे हाही वीज पोहोचत नसल्याचा संकेत असू शकतो. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडवावे व बसवताना ते शेवटी जोडावे, आणि इंजिन चालू असताना ती कधीही सोडवू नये. याखेरीज पावसाळ्यात गाडी आडोशाला लावावी, प्रेशरच्या पाण्याने लॉक व कपलर, म्हणजे तारांचे प्लॅस्टिकचे जोड, धुवू नयेत, आणि विश्वासू मेकॅनिक जोडून ठेवावा, हे नेहमीचे सल्ले आहेतच; त्यांपैकी शेवटचा देणे सोपे आणि पाळणे कठीण आहे.

वर्कशॉपशी व्यवहार करताना लक्षणे स्वतःच्या शब्दांत जॉबकार्डावर लिहून घ्यावीत, कोणताही विद्युत भाग बदलण्यापूर्वी कोणते मोजमाप घेतले ते विचारावे, बदललेला जुना भाग परत मागावा आणि मोडीची किंमत वजा करून घ्यावी. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. परंतु ज्याच्याजवळ बिलही नाही आणि जुना भागही नाही, त्याच्या तक्रारीला पुरावा उरत नाही. म्हणून ‘बदलून बघू’ हे शब्द कानी पडताच वाहनमालकाने ‘आधी मोजून दाखवा’ असे म्हणावे, आणि जेथे मोजून दाखवले जात नाही तेथून गाडी ढकलत का होईना परत न्यावी.