पहिली बादली कोण ओततं?

प्रश्न : आमची विहीर गावापासून दोन किलोमीटर. रात्री लाइट आली की मोटार चालू करायला जावं लागतं, म्हणून अर्डुइनो उनो बोर्ड आणि जीएसएम मॉड्यूल घेऊन घरीच स्टार्टर बनवला. महिनाभर चालला, मग बोर्डावरची मोठी आयसी गेली. नवी मागवून सॉकेटात बसवली, तर प्रोग्राम जातच नाही. 'प्रोग्रॅमर इज नॉट रिस्पॉन्डिंग' असं दहा वेळा येतं आणि थांबतं. दुकानदार म्हणतो, आयसी कोरी आहे, बूटलोडर टाकून घ्या, त्याला वेगळं यंत्र लागतं. मी वाचलं ते असं, की बूटलोडर म्हणजे आत प्रोग्राम घेणारा प्रोग्राम. मग त्याला आत कुणी घेतलं? आणखी कुणी असेल तर त्याला कुणी घेतलं?
– एक शेतकरी वाचक, हिमायतनगर (जि. नांदेड)

उत्तर : विहिरीच्या काठावर नवी मोटार बसवली त्या दिवशी काय झालं होतं ते आठवा. बटण दाबलं, मोटार फिरली, आवाज आला, पाणी मात्र आलं नाही. पंपाच्या पोटात हवा होती, आणि पाणी ओढायचं तर पंपात आधी पाणीच असावं लागतं. मग कुणीतरी बादलीने पाइपात पाणी भरलं, बूच आवळलं, पुन्हा बटण दाबलं आणि धार लागली. दुसऱ्या दिवशी बादली लागली नाही, कारण तळाच्या फूट व्हॉल्व्हने पाइपातलं पाणी धरून ठेवलं होतं.

बूटलोडर म्हणजे असं धरून ठेवलेलं पाणी. बोर्ड रीसेट झाला की तो सर्वांत आधी जागा होतो आणि यूएसबीच्या वाटेने नवा प्रोग्राम येतोय का, हे साधारण सेकंदभर पाहतो. आला तर उतरवून घेतो, नाही आला तर आधी ठेवलेला प्रोग्राम चालू करून देतो. तुमची जुनी आयसी बोर्डासोबत आली तेव्हा हे पाणी आत होतं. नवी आयसी कोरडी आली. संगणक दहा वेळा हाका मारतो, पण आत ओ द्यायला कुणी नाही. दुकानदाराने सांगितलेलं यंत्र ही बादली : हार्डवेअर प्रोग्रॅमर, किंवा त्याचाच थोरला भाऊ हार्डवेअर डीबगर.

तुमचा खरा प्रश्न मात्र त्याच्या पुढचा आहे, आणि तो मला फार आवडला. बाजारात मिळणाऱ्या यूएसबी-एएसपी ह्या स्वस्त प्रोग्रॅमरच्या पोटातही एटमेगा ८ सारखी एक आयसी असते. तिच्यातही प्रोग्राम असतो, आणि तोही कधीतरी दुसऱ्या प्रोग्रॅमरने टाकलेला असतो. असं मागे मागे गेलं तर अंत कुठे?

अंत तुमच्या कोऱ्या आयसीतच आहे. तिच्यात प्रोग्राम नसला तरी एक दार कारखान्यातच, सिलिकॉनमध्ये कोरलेलं असतं. रीसेटची पिन शून्यावर दाबून धरली की आयसीचा मेंदू थांबतो, आणि एमओएसआय, एमआयएसओ व एससीके ह्या तीन पिनांमागचं एक छोटं सर्किट जागं होतं. त्याला चार बाइटांचा ठरलेला परवलीचा शब्द द्यायचा. त्यातल्या दुसऱ्या बाइटचा आकडा आयसीने तिसऱ्या बाइटच्या वेळी जसाच्या तसा परत केला, की दार उघडलं असं समजायचं. मग 'ह्या घरात हा बाइट ठेव' अशी एकेक आज्ञा. हे ऐकायला आत प्रोग्राम लागत नाही. नळ फिरवला की पाणी येतं तसा हा निव्वळ तारांचा आणि गेटांचा मामला आहे.

गंमत म्हणजे ह्या दाराला घाई अजिबात नाही. ठोका फार जलद नको एवढीच त्याची अट. किती सावकाश, ह्याला मर्यादा नाही. म्हणजे तत्त्वतः तुम्ही साधी बटणं लावून हातानेही बूटलोडर भरू शकाल. उनोचा बूटलोडर ५१२ बाइटांत बसतो, एका बाइटसाठी ३२ ठोके लागतात. म्हणजे १६,३८४ वेळा एक बटण दाबायचं, दर वेळी दुसरं बटण बरोबर जागी ठेवायचं, आणि एकही चूक करायची नाही. कुणी करू नये, पण करता येतं. तुमची साखळी तिथे, माणसाच्या बोटाशी संपते. १९७५ साली आलेल्या अल्टेअर ८८०० ह्या संगणकाचे मालक हेच करत. यंत्र चालू केलं की पुढच्या पट्टीवरचे खटके वरखाली करून आधी छोटा लोडर भरायचा, मग तो लोडर कागदी फितीवरून मोठा प्रोग्राम ओढून घ्यायचा. वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या यंत्राला फूट व्हॉल्व्ह नव्हता म्हणा ना.

आता कामाचं. विकत यंत्र घेण्याआधी गावात किंवा जवळच्या कॉलेजात कुणाकडे दुसरा चालू उनो आहे का ते पाहा, कारण एक उनो दुसऱ्याचा प्रोग्रॅमर होऊ शकतो. चांगल्या बोर्डात आयडीईच्या (संगणकावरच्या अर्डुइनो सॉफ्टवेअरच्या) उदाहरणांतलं 'अर्डुइनो-आयएसपी' हे स्केच टाका. मग त्याची १० नंबरची पिन तुमच्या बोर्डाच्या रीसेटला, ११, १२, १३ त्याच नंबरांच्या पिनांना, पाच व्होल्ट पाच व्होल्टला आणि ग्राउंड ग्राउंडला जोडा. स्केच टाकून झाल्यावर चांगल्या बोर्डाच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन पाय रीसेटकडे. नाहीतर संगणकाने बोलायला सुरुवात केली की तो बोर्ड स्वतःच रीसेट होतो. मेनूत प्रोग्रॅमर निवडताना 'अर्डुइनो ॲज आयएसपी' घ्या. त्याच्याशेजारीच 'अर्डुइनो-आयएसपी' नावाचं वेगळंच यंत्र दिलेलं असतं. ही नावं ठेवणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही. मग 'बर्न बूटलोडर'. मिनिटभरात काम होतं.

यूएसबी-एएसपी वापरलात तर सहा पिनांचा कनेक्टर आयसीजवळच्या पिनांवर लावा. काही बोर्डांवर यूएसबीच्या सॉकेटाजवळही तसाच सहा पिनांचा जोड असतो, तो दुसऱ्या आयसीचा आहे. आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. कोरी एटमेगा ३२८पी, म्हणजे तुमच्या उनोवरची मोठी आयसी, कारखान्यातून निघते ती आतल्या घड्याळावर, अवघ्या १ मेगाहर्ट्झने चालणारी. प्रोग्रॅमरचा ठोका तिच्या वेगाच्या चौथाईहून कमी हवा, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या खाली. यूएसबी-एएसपी नेहमीच्या वेगात ३७५ने बोलतो, कोऱ्या आयसीला ते झेपत नाही, आणि माणूस तारा बदलत बसतो. त्या यंत्रावर 'स्लो'चा जंपर असतो, तो लावा. दुसऱ्या उनोने केलं तर ही अडचण येत नाही, ते स्केच आधीच सावकाश बोलतं.

आयसी मागवताना '३२८पी' मिळाली की नुसती '३२८', हेही पाहा. तुमच्या गावाला जुनी माणसं अजून वाढोणा म्हणतात, तरी कुणी वाट चुकत नाही. प्रोग्राम टाकणारं सॉफ्टवेअर इतकं समजूतदार नाही. दोन्ही आयसी कामाला जवळपास सारख्याच, पण पीची सही, म्हणजे आयसीतला ओळख क्रमांक, '१ई ९५ ०एफ' आणि बिनपीची '१ई ९५ १४'. सही जुळली नाही की ते काम नाकारतं.

'बर्न बूटलोडर' म्हटलं की बूटलोडर तर जातोच, शिवाय फ्यूजही लिहिले जातात. हे जळणारे फ्यूज नव्हेत. आयसीच्या आतले कायम लक्षात राहणारे खटके आहेत. घड्याळ कोणतं, वीज आल्यावर आधी बूटलोडरकडे जायचं की थेट प्रोग्रामकडे, हे तिथे ठरतं. आयडीईला ते लिहू द्या, स्वतः हात लावू नका. विशेषतः रीसेट पिन बंद करणारा फ्यूज. तो चुकून बसला तर वर सांगितलेलं दारच बंद होतं, आणि मग १२ व्होल्ट देऊन उघडणारं वेगळं यंत्र शोधत फिरावं लागतं. बूटलोडर टाकताना लाइट गेली तर मात्र घाबरू नका. बूटलोडर अर्धवट राहिला तरी दार शाबूत आहे, पुन्हा टाकायचा. आपल्याकडच्या लोडशेडिंगला पुरून उरणारी ही सोय आहे.

एक राहिलंच. पहिली आयसी का गेली? रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावला होता का? रिले सुटताना कॉइल उलट्या दिशेने मोठा झटका मारते, आणि त्यापुढे आयसीचा पाय म्हणजे काहीच नाही. दोन-चार रुपयांचा १एन४००७ डायोड आधी लावा, मगच नवी आयसी बसवा. जीएसएम मॉड्यूल ० आणि १ ह्या पिनांवर असेल तर प्रोग्राम टाकताना ते काढा. यूएसबीचं बोलणंही त्याच दोन पिनांवरून चालतं. तुम्ही करताय ते काही पोरखेळ नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आजोबांची मोटारीपायी होणारी पायपीट पाहून मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारं 'नॅनो गणेश' बनवलं, ते ह्याच गरजेतून.

प्रश्न : माझ्याकडे 'ब्लू पिल' हा एसटीएम३२चा बोर्ड आहे. एसटी-लिंक लावून त्यात यूएसबी बूटलोडर टाकला, छान चालला. नंतर मी एक प्रोग्राम टाकल्यापासून एसटी-लिंकला बोर्ड सापडतच नाही. बोर्ड मेला का? आणि एसटी-लिंकला कुणी प्रोग्रॅमर म्हणतं, कुणी डीबगर. नेमकं काय?
– एक विद्यार्थी, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : मेलेला नाही, त्याने दार आतून लावून घेतलंय. एसटी-लिंक एसडब्ल्यूडी नावाच्या दोन तारांनी बोलतो : एक डेटाची, एक घड्याळाची, शिवाय ग्राउंड. ह्या दोन तारा पीए१३ आणि पीए१४ ह्या पायांवर येतात, आणि तुमच्या प्रोग्रामने तेच पाय साध्या कामाला जुंपलेले दिसतात. रीसेट दाबून धरा, सॉफ्टवेअरमध्ये 'कनेक्ट अंडर रीसेट' निवडा, जोडणी करतानाच रीसेट सोडा. तुमचा प्रोग्राम जागा होण्याआधी डीबगर आत शिरतो, मग सगळं पुसून टाकायचं. एसटी-लिंकची रीसेटची तार जोडलेली असेल तर बोटाची कसरतही नको.

तेही जमलं नाही तर बूट-० चा जंपर १ वर करून रीसेट द्या. वर हिमायतनगरच्या वाचकांना काठावरच्या मोटारीचं सांगितलं. तुमची आयसी पाणबुडी मोटार आहे, तिला बादली लागत नाही. तिच्यात कारखान्यानेच एक बूटलोडर कायमचा ठेवलेला असतो, न पुसता येणारा. जंपर बदलला की तोच जागा होतो, तुमचा प्रोग्राम झोपलेलाच राहतो, आणि एसटी-लिंकला वाट मोकळी मिळते. त्या कारखानी बूटलोडरशी सीरिअल पोर्टवरूनही बोलता येतं, यूएसबीवरून मात्र नाही. म्हणून तर तुम्ही वेगळा टाकलात.

आता नावाचं. प्रोग्रॅमर आत लिहितो आणि बाहेर पडतो. डीबगर आत बसून चालत्या प्रोग्रामला थांबवतो, एकेक पाऊल चालवतो, कुठल्या घरात कोणता आकडा आहे ते दाखवतो. एसटी-लिंक दोन्ही कामं करतो, यूएसबी-एएसपी फक्त पहिलं. ह्या कुळाचा मूळपुरुष जेटॅग. १९८०च्या दशकात बोर्डांवरच्या आयसी इतक्या दाट बसायला लागल्या की तपासणीची सुई टेकवायला जागा उरेना. तेव्हा कंपन्यांच्या एका गटाने आयसीच्या आतूनच पाय तपासायची पद्धत ठरवली, आणि १९९० साली ती आयईईई ११४९.१ हे मानक झाली. सोल्डरिंग नीट झालं का, एवढंच पाहायला केलेली ती वाट. पुढे तिच्यावरूनच प्रोग्राम टाकायला आणि तपासायला लागले.

स्वस्त ब्लू पिल बोर्डांवर बऱ्याचदा हुबेहूब नकली आयसी असते. ओपन-ओसीडी हे सॉफ्टवेअर ओळख क्रमांक '१बीए०१४७७' ऐवजी '२बीए०१४७७' आला म्हणून अडून बसलं, तर समजायचं काय ते. सेटिंगमध्ये अपेक्षित क्रमांक बदलला की पुढे चालतं.

प्रश्न : बूटलोडर नसला तर चालतच नाही का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : मजेत चालतं. आयडीईत 'अपलोड युझिंग प्रोग्रॅमर' आहे, तो प्रोग्राम थेट आत बसवतो. पण आधी सगळी आयसी पुसतो, त्यात बूटलोडरही जातो. कित्येक जण तो असाच नकळत घालवून बसतात आणि मग यूएसबी बिघडलं म्हणून केबल बदलतात. उनोवर नेहमी दिसणारा ३२,२५६ बाइटांचा आकडा म्हणजे ३२,७६८मधून बूटलोडरचे ५१२ वजा केलेले. तो काढला आणि त्याचा फ्यूजही बदलला, तर तेवढी जागा आणि रीसेटनंतरचा सेकंदभर वाचतो.

बूटलोडर लागतो तो तार पोहोचत नाही तिथे, किंवा पोहोचवायचा कंटाळा असतो तिथे. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला सुमारे एक किलोचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ने वर गेला. तिथे सहा तारा घेऊन कोण जाणार? विहिरीवरच्या डब्याला मात्र बूटलोडर नसला तरी चालेल. फक्त डबा बंद करताना सहा पिनांचा तो जोड झाकणाच्या बाजूला, बोट पोहोचेल असा ठेवा, म्हणजे भर पावसात बोर्ड उपसून काढावा लागणार नाही.