धावताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखते?

भरतीचे वारे वाहू लागले की पहाटेची मैदाने भरून जातात. पोलीस भरतीत मुलांना १६०० व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. महिनाभराच्या सरावानंतर अनेकांची तक्रार एकच असते : "सुरुवातीला काही होत नाही. काही फेऱ्या झाल्या की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला चमक मारते. थांबले की कमी होते." घरच्यांना वाटते, गुडघा झिजला. पण या वयात असे दुखणे बहुधा सांध्याच्या आतले नसते.

खुब्यापासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली नडगीच्या हाडापर्यंत एक चिवट पट्टा जातो. त्याला 'इलिओटिबियल बँड' म्हणतात. पाऊल टेकताना गुडघा सुमारे ३० अंशांत वाकतो, तेव्हा हा पट्टा मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबला जातो. हजारो पावलांनी त्याखालचा मऊ भाग दुखावतो. उतारावर व जिना उतरताना त्रास वाढतो. एक्स-रे बहुधा निर्दोष येतो.

कारणे : एकदम वाढवलेले अंतर, मैदानावर रोज एकाच दिशेने फेऱ्या, रस्त्याच्या उतरत्या कडेने धावणे आणि खुब्याचे कमजोर स्नायू.

उपाय : दुखणे शमेपर्यंत धावणे बंद ठेवावे, सपाट जागी, दुखत नसेल तेवढे चालावे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे, दिवसातून तीन वेळा लावावा. मग व्यायाम. चांगल्या कुशीवर झोपून वरचा, दुखरा पाय न वाकवता फूटभर उचलावा, पाच अंक मोजून सावकाश खाली आणावा. असे १० वेळा, दिवसातून दोनदा. कूस बदलून दुसऱ्या पायानेही करावे. नंतर एक दिवसाआड थोडे थोडे धावावे, फेऱ्यांची दिशा बदलत राहावी. बहुतेकांना सहा ते आठ आठवड्यांत आराम पडतो.

भरती तोंडावर आली म्हणून वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेऊन धावू नये. दुखणे दबते, इजा मात्र वाढते. पुढच्या भरतीलाही याच गुडघ्यावर धावायचे आहे!

गुडघा सुजला, अडकला, चालताना दगा देऊ लागला, रात्री ठणकू लागला, ताप आला किंवा पाय मुरगळून दुखणे सुरू झाले, तर घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरांना दाखवावे.