घराचा कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद 22:8, प्रेषितांची कृत्ये 27:9-44
पाठांतरासाठी : नीतिसूत्रे 22:3



अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. शेजाऱ्याचे भटकलेले जनावर परत नेऊन द्यावे, घरट्यातील पक्षिणीला सोडून द्यावे, अशा आज्ञांमागोमाग ती येते आणि वाचताना आपण तेथे सहसा थांबत नाही. जो नवे घर बांधील त्याने धाब्याला कठडा करावा. न केला आणि कोणी वरून पडला, तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, असे देव तेथे सांगतो.

त्या देशात धाबे म्हणजे घराची आणखी एक खोलीच असे. राहाबेने धाब्यावर जवसाची ताटे पसरली होती. पेत्र यापो येथे प्रार्थनेसाठी धाब्यावर गेला. अशा ठिकाणी माणसाचा पाय कधीतरी घसरणारच. पडणारा सावध होता की निष्काळजी, घरचा होता की पाहुणा, हे ही आज्ञा विचारीत नाही. कठडा होता काय, एवढेच ती विचारते. संकट येण्यापूर्वी घराची व्यवस्था लावणे ही केवळ शहाणपणाची गोष्ट नव्हे, तर आपल्या छपराखाली येणाऱ्या प्रत्येकाचे ते ऋण आहे, हा या पाठाचा मुख्य विचार होय.

1. हे आपल्याविषयी आहे काय?

आम्ही धारवाडच्या सप्तापुरात राहतो. येथे मोठी नदी नाही, समुद्र नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव भागांत पुराने घरे बुडवली, तेव्हा आपण उंचावर आहोत असे म्हणून आम्ही देवाचे आभार मानले. परंतु त्याच वर्षी 19 मार्च रोजी आमच्याच गावात, कुमारेश्वर नगरात, बांधकाम चालू असलेली एक बहुमजली इमारत भरदिवसा कोसळली आणि 19 माणसे मरण पावली. त्या दिवशी पूर नव्हता, भूकंप नव्हता, वादळही नव्हते. ढिगाऱ्याखालून माणसे काढण्याचे काम कित्येक दिवस चालले होते.

त्याआधीची किल्लारी आपण विसरलो नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत धरणी हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीच्या जड थरांचे माळवद, अशी ती घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारे छप्परच त्या पहाटे अंगावर आले. भूकंप माणसाला क्वचितच मारतो. बहुधा घर मारते. म्हणूनच देवाने आज्ञा घराविषयी दिली.

2. तयारी म्हणजे अविश्वास काय?

“देव राखणारा आहे, मग ही धावपळ कशाला?” असे आपल्यातील पुष्कळ भाविक म्हणतात. त्यांचा भाव खरा आहे, म्हणून त्यांना उत्तर शास्त्रातूनच दिले पाहिजे.

पौल कैदी म्हणून तारवातून रोमास जात होता. पुढे जाण्यात धोका आहे, असे त्याने आधीच बजावले होते. पण शताधिपतीने तांडेलाचे व तारवाच्या धन्याचे ऐकले. वादळात दिवसामागून दिवस गेल्यावर देवदूताने पौलाला सांगितले की, तारवातील एकही जीव जाणार नाही. याहून स्पष्ट अभिवचन ते कोणते? तरी पौल हात जोडून बसला नाही. खलाशी होडी सोडून पळू पाहत आहेत हे त्याने हेरले आणि ते तारवात राहिले नाहीत तर कोणीही वाचणार नाही, असे शताधिपतीला बजावले. पहाट होण्यापूर्वी त्याने सर्वांना आग्रहाने खावयास लावले. एकंदर 276 जण होते. शेवटी ज्यांना पोहता येत होते त्यांनी आधी उड्या टाकल्या आणि बाकीचे फळ्यांवर व तारवाच्या तुकड्यांवर बसून काठाला लागले.

देवाने सर्वांना वाचवले. आणि वाचवले ते भाकरीने, फळीने आणि वेळेवर दिलेल्या इशाऱ्याने. ज्यांना पोहता येत नव्हते त्यांचाही विचार तेथे झाला होता, हे विशेष लक्षात घ्यावे. घरातील तयारीची खरी कसोटी हीच. धडधाकट मुलगा पळून वाचेल. अंथरुणावरच्या आजीचे काय?

3. घरात काय असावे, काय ठरवावे

पाणी : पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला चार लिटर धरावे. पाच माणसांना तीन दिवसांसाठी 60 लिटर होतात. ते झाकणाच्या स्वच्छ भांड्यांत ठेवावे व अधूनमधून बदलावे. पाण्याविषयी शंका असल्यास चांगली उकळी येऊ द्यावी.

अन्न : न शिजवता खाता येईल असे असावे. आपल्याकडची कडक भाकरी, शेंगाचटणी, पोहे, फुटाणे आणि गूळ यांहून सोयीचे काय आहे?

औषधे : रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या आठवडाभर पुरतील इतक्या जादा ठेवाव्या, जुना चष्माही टाकू नये. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून वरचेवर पाजावे; चमचा चहाचा घ्यावा.

कागदपत्रे : आधार, रेशनकार्ड, पासबुक, जमिनीचे उतारे, बाप्तिस्म्याचे व लग्नाचे दाखले एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र असावेत आणि त्यांच्या नकला परगावच्या नातेवाइकाकडे असाव्यात. या पिशवीशेजारीच बॅटरी, शिट्टी, काडेपेटी आणि थोडे सुटे पैसे ठेवावे.

घर : जड कपाट भिंतीला पक्के करावे; खाटेच्या वर जड वस्तू ठेवू नये. विजेचे मुख्य बटण आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करणे घरातील प्रत्येकाला, मुलांनाही, आले पाहिजे. गॅसचा वास आल्यास कोणतेही बटण लावू नये व बंदही करू नये. दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि 1906 या क्रमांकावर कळवावे. इतर कोणत्याही संकटासाठी 112 हा क्रमांक आहे. हे क्रमांक कागदावर लिहून दाराआड चिकटवावे, कारण मोबाईल नेमका त्याच वेळी बंद पडतो.

वीज : वळवाच्या पावसात वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ताबडतोब घरात यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर जाऊ नये. झाडाखाली उभे राहू नये.

भेटीची जागा : घर सोडावे लागले तर सर्वांनी कोठे जमावे आणि चुकामूक झाल्यास परगावी कोणाला फोन करावा, हे आजच ठरवावे.

हा पाठ तयार करताना आम्ही आमच्याच घरी विचारले की, रात्री जिन्याच्या दाराची किल्ली कोठे असते? तिघांनी तीन उत्तरे दिली. तेव्हा उपदेश आधी आम्हांलाच लागू पडला.

4. वरच्या खोलीतील मुलगा

कठड्याच्या आज्ञेचा खरा भार येथे आहे. कॉलेजे व परीक्षांच्या शिकवण्या यांमुळे सप्तापुरात परगावची मुलेमुली खोल्या घेऊन राहतात. भाड्याच्या पैशाने कितीतरी घरांचा संसार चालतो, आणि त्यात गैर काही नाही. पण रात्री फाटकाला कुलूप लावून किल्ली उशाशी घेऊन झोपणाऱ्या घरमालकाने विचार करावा. आग लागली तर वरची चार मुले कोठून उतरणार? खिडकीच्या पक्क्या जाळीतून? विजेचे मुख्य बटण कोठे आहे, हे त्यांना कोणी दाखवले आहे काय? कोणाचे घर कोणत्या गावी आहे आणि कोणाला कळवायचे, हे आपल्याजवळ लिहिलेले आहे काय? आणि परवानगी नसताना वर आणखी एक मजला चढवण्याचा विचार मनात आला, तर कुमारेश्वर नगर आठवावे. दुसऱ्याच्या लेकराच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये, म्हणूनच ही आज्ञा आहे.

5. मंडळीने काय करावे

मृगाआधीच्या एका रविवारी उपासनेनंतर अर्धा तास या कामाला द्यावा. एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले आणि गरोदर भगिनी यांची यादी महिला मंडळाने करावी. प्रत्येक नावापुढे तरुण संघातील दोघांची नावे लिहावी. बाप्तिस्मा व लग्नाच्या नोंदवह्यांच्या नकला दुसऱ्या ठिकाणी ठेवाव्या. मंदिराची किल्ली अडचणीच्या रात्री कोणाकडे मिळेल, हे शेजाऱ्यांनाही, ते कोणत्याही धर्माचे असोत, ठाऊक असावे. पौलाचे तारू फुटले तेव्हा मिलिता बेटावरच्या परक्या लोकांनी पावसात शेकोटी पेटवून सर्वांना जवळ घेतले होते. त्यांच्याहून आपण उणे पडू नये.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या घरातील “पोहता न येणारे” कोण? त्यांच्यासाठी फळी कोणती?
2. आपल्या छपराखाली राहणाऱ्या पण आपल्या कुटुंबात नसलेल्या कोणाचा भार आपल्यावर आहे?
3. येत्या शनिवारपर्यंत कोणते एक काम पुरे कराल?

प्रार्थना : हे प्रभो, तू आमचा आश्रय आहेस. आमच्या हातून आमच्या घराला कठडा होऊ दे, आणि तुझ्या भरवशाच्या नावाखाली आमचा आळस लपू देऊ नकोस. आमेन.