खुबा बदलल्यावर घरी एकट्याने कसे राहावे

दिवाळी झाली की आमच्या हिंगोली जिल्ह्यातील कित्येक गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, आणि घरी म्हातारी माणसे तेवढी उरतात. अशात एखादी आजी ओल्या अंगणात घसरते, मांडीच्या हाडाची मान मोडते, नांदेडास नेऊन तिचा खुबा बदलला जातो व थोड्याच दिवसांत तिला घरी पाठवितात. मुलगा आठ-पंधरा दिवस राहून पुन्हा तोडीवर जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यास दोष कोणी द्यावा? पुढचे दोन-अडीच महिने आजी एकटी असते. त्या दिवसांविषयी हा पाठ आहे.

प्रथम आत काय केले आहे ते समजून घ्यावे. खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. जॉन चार्नली ह्या इंग्रज शस्त्रवैद्याने १९६२ साली धातूचा गोळा व टणक प्लास्टिकची वाटी बसविण्याची जी रीत सिद्धीस नेली, तिच्यावर आजची रीत उभी आहे. मोडलेल्या हाडासाठी पुष्कळदा गोळाच बदलतात व वाटी मूळचीच ठेवितात. धातू पहिल्या दिवसापासून मजबूत असतो, म्हणून रोग्यास एक-दोन दिवसांतच चालावयास लावितात. परंतु गोळ्यास धरून ठेवणारे स्नायू व वेष्टन कापून शिवलेले असते. ते भरून येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर मांडी पोटाकडे फार वाकली किंवा पाय आत वळला, तर गोळा वाटीतून निसटू शकतो. सर्व नियमांचे मूळ एवढेच आहे. शस्त्रक्रिया पुढून झाली की मागून, ह्याप्रमाणे नियमांत फरक पडतो. सबब आपल्या डॉक्टरांचा शब्द आमच्या शब्दापेक्षा प्रमाण मानावा.

हा सांधा खुर्चीवर बसणाऱ्या लोकांच्या देशात निर्माण झाला. आमचे तर सारे जिणे जमिनीवरचे. चुलीपुढे बसणे, मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून शौचास जाणे, ह्यांतले एकही आता चालावयाचे नाही. म्हणून रोगी घरी येण्यापूर्वीच घर उंच करावे. बसावयाची जागा गुडघ्याहून किंचित वर असावी. झोळ पडलेली बाज कामाची नाही; विटांवर टेकविलेली फळी बरी. माठ घडवंचीवर, शेगडी ओट्यावर, आणि शौचकुपावर मधोमध भोक असलेली कमोडची खुर्ची ठेवावी. खाली पडलेली वस्तू वाकून उचलू नये. शेळ्यांस पाला ओढावयाची आकडी हाताशी ठेवावी. वाटेतील गोधडी व दावे काढावे, आणि सारवलेली जमीन वाळल्यावाचून तिच्यावर पाय देऊ नये.

वॉकरने दोन्ही हात गुंततात, तेव्हा पाण्याचा तांब्या कोणी न्यावा? घट्ट झाकणाची बाटली व मोबाइल गळ्यातील पिशवीत ठेवावा. पुढे काठी आली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी; पुष्कळ लोक नेमके उलट करितात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. निजताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवावी.

आता प्रेमाने होणाऱ्या अपायाविषयी दोन शब्द. समाचारास आलेली शेजारीण पोटरी सुजलेली पाहून तेल घेऊन चोळावयास बसते. हे कदापि करू देऊ नये. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागणे हे आत रक्ताची गुठळी झाल्याचे चिन्ह असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेल्यास जीवावर बेतते. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या ह्यासाठीच असतात. दुखणे थांबले म्हणून त्या थांबवू नयेत, व दुकानातील वेदनेच्या गोळ्या त्यांत मिसळू नयेत. बसल्या जागी पाऊल वरखाली हालवीत राहावे, त्याने रक्त वाहते राहते. दुसरी गोष्ट हळदीची. वसमत व हिंगोली येथील बाजार हळदीचे. आम्हांस तिचा अभिमान आहे. तरी ती ह्या जखमेवर लावू नये. जखम कोरडी व झाकलेली ठेवावी, एवढे पुरे.

ताप, जखमेतून पू, छातीत कळ किंवा अकस्मात धाप, अथवा खुब्यात तीव्र कळ येऊन पाय आखूड दिसणे व भार न पेलणे, ह्यांपैकी काही झाले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. निसटलेला सांधा हाडवैद्याकडून ओढवून घेऊ नये. तो निखळलेल्या मूळ हाडासारखा नाही.

मंडळीतील बंधुभगिनींनी पाळी लावून सकाळ-संध्याकाळ एक फेरी करावी: पाणी भरले काय, मोबाइल चार्ज आहे काय, गोळी घेतली काय. अंघोळीच्या वेळी कोणी बाहेर बसावे. आणि आजी उपासनेस येऊ लागल्या म्हणजे तिला जाजमावर बसण्याचा आग्रह न करिता खुर्ची द्यावी. ती हातांची व उंच असावी, आणि आजी दारात येण्यापूर्वीच मांडलेली असावी.