भूगोलाचा प्रवासपाठ : उबदार बेटांची माळ

अमेरिकेचा भूगोल शिकविताना राज्यांची व राजधान्यांची नावे पाठ करवून घेण्याचा प्रघात अद्याप पुष्कळ शाळांतून आढळतो. त्याऐवजी एखाद्या कुटुंबाच्या प्रवासासोबत मुलांना नेले, तर अक्षवृत्ते, समुद्रप्रवाह, खडक व मनुष्याचा उद्योग ही प्रकरणे एकाच सूत्रात ओवली जातात. वरच्या इयत्तांसाठी असा एक पाठ येथे दिला आहे.

आईवडील व दोन मुले असे एक कुटुंब कल्पावे. त्यांचे घर अमेरिकेच्या ईशान्य टोकास, मेन राज्यातील फोर्ट केंट या कॅनडाच्या सीमेवरील गावी आहे. जानेवारीत तेथील सरासरी तापमान शून्याखाली दहा अंशांच्याही खाली असते. हिवाळ्यात अशा प्रदेशांतील अनेक कुटुंबे मोटारीने दक्षिणेची वाट धरतात. या गावातून निघणारा ‘क्रमांक १’ चा राजमार्ग बोस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, मायामी अशी शहरे ओलांडीत सुमारे ३,८०० किलोमीटर जातो व की वेस्ट या बेटावर संपतो. नकाशावर ही रेघ मुलांकडूनच ओढून घ्यावी. बर्फ कोठे सरले असेल, लोकरीचे कपडे कोठे उतरले असतील, याचा तर्क त्यांनाच करू द्यावा.

मायामीच्या दक्षिणेस फ्लॉरिडाची मुख्य भूमी संपते व बेटांची माळ नैर्ऋत्येकडे वळत जाते. हीच फ्लॉरिडा कीज. ‘की’ म्हणजे किल्ली असे इंग्रजी शिकणारा एखादा विद्यार्थी अवश्य म्हणेल. त्यास सांगावे की, लहान बेटासाठी असलेल्या ‘कायो’ या स्पॅनिश शब्दाचा हा अपभ्रंश होय. वरच्या भागातील बेटे म्हणजे सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या प्रवाळांचा चुनखडक आहे. त्या काळी समुद्राची पातळी आजच्याहून उंच होती. ती खाली गेली व प्रवाळांचे बांध उघडे पडले.

की वेस्ट साडेचोवीस अंश उत्तर अक्षवृत्ताजवळ, म्हणजे आपल्या उदयपूरच्या रेषेत येते. तथापि उदयपूरची जानेवारीतील पहाट बोचरी, तर की वेस्टला त्याच महिन्यात रात्रीचे तापमानही सरासरीने १८-१९ अंशांच्या खाली फारसे उतरत नाही. उदयपूर उंचावर आहे, हे एक कारण. मुख्य कारण मात्र पाणी. बेटांच्या दक्षिणेकडून उष्ण समुद्रप्रवाह वाहतो. पुढे तोच आखाती प्रवाहास मिळतो. शिवाय पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. रत्नागिरी व नागपूर येथील हिवाळ्यातील पहाटेची तुलना करून हे तत्त्व मुलांस चटकन उमगते.

आता रस्ता. हेन्री फ्लॅगलर या धनिकाने समुद्रावरून लोहमार्ग नेण्याचे मनावर घेतले व २२ जानेवारी १९१२ रोजी पहिली गाडी की वेस्टला पोहोचली. २ सप्टेंबर १९३५ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळाने या मार्गाचा मधला भाग वाहून नेला. चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत पहिल्या महायुद्धातून परतलेले व तेथे रस्त्याच्या कामावर लावलेले अनेक माजी सैनिक होते. त्यांस सोडविण्यासाठी मायामीहून आगगाडी निघाली, परंतु उशिरा. समुद्राच्या लाटेने तिचे डबे रुळांवरून उलथून टाकले. इंजिन तेवढे उभे राहिले. हा प्रसंग घाईने सांगून मोकळे होऊ नये. वेळेवर सूचना मिळणे म्हणजे काय, हे समुद्रकाठच्या व नदीकाठच्या गावांतील मुलांस निराळे समजावावे लागत नाही.

लोहमार्ग पुन्हा बांधला गेला नाही. त्याच्याच पुलांवरून १९३८ साली मोटारींचा रस्ता सुरू झाला. बाहिया होंडा येथील लोखंडी सांगाड्याच्या पुलातून दोन मोटारी शेजारून जाऊ शकत नव्हत्या. म्हणून अभियंत्यांनी रस्ता सांगाड्याच्या माथ्यावरूनच नेला! जुने रूळ काही ठिकाणी कठड्यांसाठी वापरले गेले. टाकाऊ वस्तूचा असा उपयोग आपल्या शेतकऱ्यासही मान्य होईल. आज वाहतूक नव्या पुलांवरून चालते. त्यांतील सात मैलांचा पूल १९८२ मध्ये खुला झाला.

चोहीकडे पाणी, पण पिण्यास नाही, हा या बेटांचा जुना प्रश्न. खडक सच्छिद्र असल्याने बहुतेक ठिकाणी विहीर खणली तरी खारे पाणीच लागते. लोक छपरावरील पावसाचे पाणी टाक्यांत साठवीत. आपल्या गडांवरील टाकी येथे आठवावीत. १९४२ मध्ये नौदलाच्या गरजेमुळे मुख्य भूमीपासून की वेस्टपर्यंत नळ आला. आपले प्रवासी कुटुंब नळ उघडते, ते पाणी शेकडो पुलांखांबांच्या सोबतीने आलेले असते. बिग पाइन बेटावर मात्र पावसाचे थोडे गोडे पाणी जमिनीत टिकते व त्याच आधाराने तेथे पाऊण मीटर उंचीचे लहानखुरे हरीण जगते. शिकारीमुळे त्याचा वंश बुडण्याच्या बेतात आला होता. १९५७ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले व संख्या पुन्हा शेकड्यांवर गेली.

प्रवाळांची स्थिती इतकी आशादायक नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात तेथील समुद्र असा तापला की प्रवाळ पांढरे पडले व पुष्कळ मेले. काही नमुने शास्त्रज्ञांनी पाण्याबाहेर काढून किनाऱ्यावरील हौदांत नेऊन जगविले. ज्या उबेसाठी कुटुंब तेथे जाते, तीच प्रमाणाबाहेर गेली तर बेट घडविणाऱ्या जीवास बाधते, ही गोष्ट मुलांच्या विचारासाठी ठेवावी. उत्तर आपण देऊ नये.

साहित्य फारसे लागत नाही. पटांगणात चुन्याची वक्र रेघ ओढावी. पाच किलोमीटरला एक पाऊल धरल्यास मुख्य भूमीपासून की वेस्टपर्यंतचा सुमारे १८० किलोमीटरचा मार्ग छत्तीस पावलांत येतो. बेटांसाठी खडे, पुलांसाठी काड्या मुलांनी मांडाव्यात. सात मैलांचा पूल दोन पावलांहून थोडा अधिक भरेल. या रस्त्यावरील मैलांचे आकडे की वेस्टच्या शून्यापासून मोजतात व पत्ता सांगतानाही तेथे तोच आकडा सांगतात. त्यावरून गणिताच्या तासास एक उदाहरण घालता येईल : कुटुंबाचा मुक्काम तिसाव्या मैलाशी बिग पाइन बेटावर आहे, मोटार ताशी ४५ मैल वेगाने निघाली, तर ती की वेस्टला किती मिनिटांत पोहोचेल?